सोळाव्या वर्षी क्रेडिट कार्ड?

कुकडीकाठच्या येडगावातल्या दहावी-अकरावीच्या मुलांना 'कार्ड' म्हटले की घरातले किसान क्रेडिट कार्ड आधी आठवेल. १९९८पासून सुरू असलेले हे कार्ड म्हणजे पीककर्जच. शहरी क्रेडिट कार्डही कर्जच देते आणि मुलांची अडचण नेमकी तिथेच आहे.

कर्ज हा करार. १८७२च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीला करार करता येत नाही. १९०३मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातूनच रद्दबातल ठरवला. अल्पवयीन मुलाने मालमत्ता गहाण ठेवली होती, पण सावकाराला त्याच्याकडून पैसे वसूल करता आले नाहीत. मग कोणती बँक सोळा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र कार्ड देईल? काही बँका पालकांच्या खात्यावर पुरवणी कार्ड देतात. वयाची अट बँकेनुसार बदलते, बिलाची जबाबदारी मात्र मूळ कार्डधारकाचीच राहते. मुलाच्या हाती असे कार्ड देण्याची घाई करू नये, असे मला ठामपणे वाटते.

त्यापेक्षा बचत खाते उघडावे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांपुढची मुले ते स्वतः चालवू शकतात. मर्यादा बँक ठरवते. डेबिट कार्डही मिळू शकते, पण शिल्लक असेल तेवढेच खर्चता येते, ओव्हरड्राफ्ट नाही. टोमॅटोच्या तोडणीत मदत करून मिळालेले पैसे तिथे साठवता येतील.

अठरा पूर्ण झाल्यावर, पगार नसला तरी, मुदत ठेवीच्या तारणावर अनेक बँका क्रेडिट कार्ड देतात.