सेशन टाइमआउट: सर्व्हरचं घड्याळ नक्की काय मोजतं?

मागच्या वेळी आपण सेशन आयडी आणि कुकी बघितली. आज तिथूनच पुढे जाऊ.

प्रसंग तुमच्या ओळखीचा असेल. लांबलचक ऑनलाइन फॉर्म. पाऊण तास बसून माहिती भरली, मध्येच उठून कपाटातला सातबारा शोधला, गट नंबर टाकला, 'सबमिट' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान! सगळं गेलं. माझ्या बाबतीत हे झालंय. कारण माहीत असूनही चिडचिड काही कमी झाली नाही. (हशा)

आपल्याला वाटतं, मी तर सतत टाइप करत होतो. पण तुमचं टाइप करणं सर्व्हरला दिसतच नाही. ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की त्याचं घड्याळ शून्यावर येतं. पुढची रिक्वेस्ट येईपर्यंत तो फक्त शांतता मोजत बसतो.

आता टॉमकॅट घेऊ. त्यात ही शांततेची मर्यादा मुळात 30 मिनिटं असते. ती तीन ठिकाणी ठरू शकते आणि गोंधळ इथेच होतो. टॉमकॅटच्या 'कॉन्फ' फोल्डरमधली 'वेब डॉट एक्सएमएल' ही सगळ्या अ‍ॅप्सना लागू. अ‍ॅपची स्वतःची त्याच नावाची फाइल असते, तिच्यात आकडा दिला असेल तर तो वरचढ. आणि प्रोग्रामरने कोडमध्येच वेळ ठरवली असेल तर दोन्ही फाइली बाजूला! म्हणून 'सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही' असं कुणी म्हणालं, की मी आधी कोड उघडायला सांगतो.

त्यात आणखी एक गंमत. फाइलमधला आकडा मिनिटांत, कोडमधला सेकंदांत. कोडमध्ये 30 लिहिलंत तर अर्ध्या मिनिटात माणूस बाहेर. आणि फाइलमध्ये शून्य लिहिलं, तर सेशन आपोआप कधीच संपत नाही.

मागून प्रश्न आलाय: मग सरळ आठ तास करून टाकू का? नको. सायबर कॅफेत कुणी लॉगआउट न करता उठून गेलं, तर पुढच्या माणसाला सगळं आयतं मिळेल. शिवाय सोडून दिलेली सेशन्स तेवढा वेळ सर्व्हरची मेमरी अडवून बसतात.

माझं मत विचाराल तर वेळ फार वाढवू नका, फॉर्म मधूनमधून सेव्ह करा. दर पाच मिनिटांनी मसुदा सर्व्हरकडे पाठवला की घड्याळही शून्यावर येतं. फक्त एक अट: त्या पाच मिनिटांत काही टाइप झालं असेल तरच पाठवा. नाहीतर माणूस जेवायला गेला तरी पान आपलं हजेरी लावत राहील आणि टाइमआउट असून नसल्यासारखा.

बदल केल्यावर नव्याने लॉगिन करूनच तपासा. आधी सुरू झालेल्या सेशनला जुनीच वेळ चिकटलेली असते.