खऱ्या तारांचा खेळ

'युबिसॉफ्ट' या कंपनीने २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत 'रॉकस्मिथ' नावाचा व्हिडिओ गेम विक्रीला आणला, तेव्हा सोबत एक केबल दिली होती. एका टोकाला इलेक्ट्रिक गिटारच्या जॅकमध्ये बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी. तोवर संगीताच्या खेळांनी घराघरांत प्लॅस्टिकच्या गिटारी नेल्या होत्या. २००५ मध्ये आलेल्या 'गिटार हिरो'च्या गिटारवर पाच रंगीत बटणं आणि छेडायला एक पट्टी असे. तार एकही नव्हती. त्यावर महिनोन्‌महिने खेळणाऱ्याचा ठेका पक्का होई, पण खरी गिटार हातात आली की बोटं कुठे ठेवायची हेच कळत नसे. या केबलने ते अंतर मिटवलं. दुकानात मिळणारी साधी इलेक्ट्रिक गिटार (२०१२ पासून बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटारही) जोडायची, पडद्याकडे पाहायचं आणि खरी तार छेडायची.

खऱ्या वाद्याला खेळ जोडण्याची कल्पना तशी जुनी. निन्टेंडोच्या यंत्रासाठी १९९० मध्येच 'मिरॅकल' नावाची पियानो-शिकवणी आली होती, तिच्यासोबत खराखुरा कीबोर्ड मिळे. पण कीबोर्डचं काम सोपं. कोणती पट्टी दाबली हे विजेच्या संकेतातून थेट समजतं. गिटारची तार असा निरोप देत नाही. ती फक्त थरथरते. त्या थरथरीतून सूर ओळखायचा आणि तोही गाणं चालू असताना, ही या खेळाची खरी करामत.

पडद्यावर एक लांब पट्टा वाजवणाऱ्याच्या दिशेने सरकत येतो आणि त्यावरून रंगीत चौकोन येत राहतात. प्रत्येक तारेचा रंग ठरलेला आहे. सर्वांत जाड तार लाल, पुढे पिवळी, निळी, नारिंगी, हिरवी आणि सर्वांत बारीक जांभळी. बेसच्या चार तारांना यातले पहिले चार रंग मिळतात. चौकोन ज्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) उतरेल तिथे बोट दाबून नेमक्या क्षणी तार छेडायची. नवं गाणं घेतलं की सुरुवातीला स्वर अगदी विरळ येतात. एखाद्या ओळीत चारच. ते नीट वाजले की त्या ओळीतले स्वर वाढतात, चुकायला लागले की कमी होतात. गाण्याचे छोटे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याची पातळी स्वतंत्र राहते. त्यामुळे एकाच गाण्यात धृपद पूर्ण आणि मधला अवघड भाग अर्धाच, अशी स्थिती बराच काळ टिकू शकते. अडलेला तुकडा वेगळा काढून संथ लयीत घोटण्याची सोयही आहे. ठाय लयीत पलटे घोटलेल्या कोणालाही ही रीत लगेच ओळखीची वाटेल.

आता यंत्राच्या कानाकडे वळू. गिटारच्या तारांखाली बसवलेल्या पिकअपमध्ये चुंबक असतो आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात थरथरली की वेढ्यांमध्ये तेवढ्याच कंप्रतेचा विद्युतदाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. केबल ही लहर सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि ते आकडे संगणकाकडे धाडते.

गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला ८२.४ वेळा कंप पावते, म्हणजे एका कंपनाला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायचा तर लहर स्वतःला पुन्हा गिरवते आहे हे दिसायला हवं. निदान दोन कंपनं तरी हाती यायला हवीत. म्हणजे २४ मिलिसेकंद झाले. सर्वांत बारीक तारेची कंप्रता ३२९.६, तिथे सहा मिलिसेकंदांत काम भागतं. बेसची जाड तार मात्र सेकंदाला फक्त ४१.२ वेळा हलते आणि तिच्या दोन कंपनांनाच जवळपास ४९ मिलिसेकंद जातात. संगणक कितीही वेगवान घेतला तरी हा वेळ कमी होत नाही, कारण जी लहर अजून घडलीच नाही ती कोणी मोजू शकत नाही.

बेसची अडचण इथेच संपत नाही. मोकळी जाड तार आणि तिच्या पहिल्या फ्रेटवरचा सूर यांच्यातला फरक सेकंदाला अवघ्या अडीच कंपनांचा आहे. लहरीचं पृथक्करण करण्याची फूरियेची नेहमीची पद्धत वापरली, तर इतका बारीक फरक थेट दिसायला सुमारे ०.४ सेकंद ऐकत राहावं लागेल. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्राच अर्ध्या सेकंदाची असते. एवढा उशीर झाला तर शिकणाऱ्याला आपण बरोबर वाजवलं की चूक, याचा पत्ताच लागायचा नाही. मदतीला येतो तारेचा स्वभाव. तार मूळ कंप्रतेबरोबरच तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगानेही हलत असते. मुळातला अडीचचा फरक दहापटीच्या जागी पंचवीसचा होतो आणि लवकर पकडता येतो. लहर आणि तिचीच थोडी उशिराची प्रत शेजारी ठेवून ती कुठे जुळतात हे तपासणं, हा दुसरा मार्ग. आलँ द शव्हेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी २००२ मध्ये मांडलेली 'यिन' ही पद्धत याच तत्त्वावर चालते आणि सूर ओळखण्याच्या क्षेत्रात ती आजही पायाभूत मानली जाते.

कॉर्ड, म्हणजे अनेक सूर एकत्र, वाजवली की सहापर्यंत तारा एकदम बोलतात आणि त्यांची दुप्पट-तिप्पट कंपनं एकमेकांत मिसळतात. त्या गर्दीतून सगळे सूर वेगळे काढणं फार कठीण. इथे खेळाची एक मोठी सोय आहे. उत्तरसूची आधीपासून हातात असलेल्या परीक्षकासारखी त्याची स्थिती असते. काय वाजलं हे त्याला शून्यापासून शोधायचं नसतं. अपेक्षित सूर या लहरीत आहेत की नाहीत, एवढंच पडताळायचं असतं. पण याच पद्धतीची एक उणीवही आहे. ३२९.६ कंपनांचा सूर पहिल्या तारेवर मोकळा मिळतो, दुसरीवर पाचव्या फ्रेटला आणि तिसरीवर नवव्या फ्रेटला. पडद्याने तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट मागितला आणि शिकणाऱ्याने पहिली तार मोकळीच छेडली, तरी गुण मिळून जातात. खेळ सूर ऐकतो, बोट पाहत नाही.

आणखी एक अडथळा दिवाणखान्यात असतो. हवेत आवाज एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो. तीन मीटरवरच्या अँप्लिफायरमुळे पडणारा नऊ मिलिसेकंदांचा फरक वादकाला जाणवतही नाही. आधुनिक टीव्ही मात्र चित्र आणि आवाज सुधारण्यात त्याहून कितीतरी अधिक वेळ घालवतो. मग बोट आणि सूर यांची फारकत होते आणि हात गोंधळतो. म्हणूनच अनुभवी खेळाडू आवाज टीव्हीतून न घेता थेट हेडफोनमधून घेतात आणि टीव्ही 'गेम मोड'वर ठेवतात.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली 'रॉकस्मिथ २०१४' ही सुधारित आवृत्ती सर्वांत लोकप्रिय ठरली. तिच्यात पन्नासहून अधिक गाणी होती आणि २०२० पर्यंत विकत घेण्याजोग्या गाण्यांचा साठा दीड हजारांपुढे गेला. तरीही ज्याला जे गाणं शिकायचं असतं ते नेमकं यादीत नसतं. मग खेळाडूंनीच गाणी घडवायला घेतली. या हौशी मंडळींचं मुख्य हत्यार आहे 'एडिटर ऑन फायर'. 'फ्रेट्स ऑन फायर' हा २००६ चा फिनलंडमधला मुक्त खेळ. संगणकाचा कीबोर्डच गिटारसारखा आडवा धरून तो खेळायचा. त्या खेळासाठी बनवलेल्या संपादकाला पुढे खऱ्या तारांची भाषा शिकवली गेली.

गाणं घडवायचं म्हणजे काय करायचं? आधी ध्वनिमुद्रण आत घ्यायचं आणि प्रत्येक मात्रेची खूण लहरीवर बसवायची. मेट्रोनोमवर मुद्रित झालेल्या गाण्यात हे पटकन उरकतं. जुन्या बँडने एकत्र बसून वाजवलेलं गाणं असेल तर धृपदाला लय किंचित चढते, शेवटाकडे उतरते. तिथे एकेक मात्रा कानाने ऐकून सरकवावी लागते. नंतर स्वर, त्यांच्या तारा आणि फ्रेट. त्यानंतर हाताची जागा, म्हणजे डावा हात कोणत्या चार फ्रेटवर उभा राहील हे ठरवायचं. ते चुकलं तर शिकणाऱ्याची बोटं उगाच धावतात. जुन्या मुद्रणांचा सूर अनेकदा सेकंदाला ४४० कंपनांच्या प्रमाण मापाला धरून नसतो, टेपचा वेग किंचित कमीजास्त असल्याने तो सरकलेला असतो. तेवढा फरक मोजून गाण्याच्या नोंदीत लिहावा लागतो, मग खेळ वाजवणाऱ्याकडून वाद्य तसंच जुळवून घेतो.

बेससाठी शोधलेला एक तोडगा विशेष दाद देण्याजोगा आहे. फार खाली उतरवलेल्या तारा या खेळाला नीट ऐकू येत नाहीत. पाच तारांच्या बेसचा सर्वांत खालचा सूर तर ३०.९ कंपनांचा. मग गाणं घडवणारा सगळे स्वर एक सप्तक वर लिहितो आणि संदर्भाचा सूर ४४० ऐवजी २२० नोंदवतो. लिहिलेलं वरच्या सप्तकात, पण माप निम्मं, त्यामुळे वाजतो तो खर्जातला सूरच आणि खेळ तो निमूट स्वीकारतो. कारखान्यातून निघालेल्या यंत्राची मर्यादा वापरणाऱ्यांनी निव्वळ अंकगणिताने ओलांडली.

या हौसेला कायद्याची चौकट आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण परवानगीविना वाटणं हा स्वामित्वहक्काचा भंग आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. स्वतःच्या बँडची किंवा संमती देणाऱ्या मित्रांच्या बँडची रचना असेल तर मात्र मार्ग पूर्ण मोकळा आहे. शिकण्याच्या दृष्टीने पाहिलं तर गाणं वाजवण्याहून ते घडवण्यात कानाची तालीम अधिक होते. बेसचा स्वर ढोलाच्या ठोक्यावर पडतो की जरा मागे, हे खूण सरकवताना जितकं कळतं तितकं नुसतं ऐकून कळत नाही.

मग या खेळाने हात खरोखर तयार होतो का? हालचाली शिकण्याच्या विज्ञानात याबद्दल एक इशारा आहे. साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की दर प्रयत्नाला लगेच मिळणारा प्रतिसाद त्या वेळची कामगिरी सुधारतो, पण शिकणारा त्यावर विसंबू लागतो आणि प्रतिसाद काढून घेतला की घसरतो. विनस्टीन आणि श्मिट यांच्या १९९० च्या प्रयोगांत निम्म्याच वेळा प्रतिसाद मिळालेल्यांनी पुढच्या चाचणीत हालचाल अधिक चांगली लक्षात ठेवली. पडद्यावरचे चौकोन हा असाच अखंड आधार आहे. बनवणाऱ्यांना याची जाण असावी. २०१४ च्या आवृत्तीत एखादा तुकडा पक्का झाला की त्याचे चौकोन हळूहळू पुसट होत नाहीसे होतात आणि तो आठवणीतून वाजवावा लागतो. या खेळातला सर्वांत मोलाचा भाग हाच. अनेकजण मात्र गुण घटतील म्हणून तोच टाळतात.

एकच तुकडा सलग घोटण्याबद्दलही शिया आणि मॉर्गन यांचा १९७९ चा प्रयोग विचार करायला लावतो. हालचाली आलटून-पालटून सरावलेले लोक सुरुवातीला मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत त्यांना अधिक आठवलं. अवघड ओळ वीस वेळा सलग वाजवण्याऐवजी दोन-तीन गाण्यांच्या ओळी फिरवत राहणं अधिक लाभाचं.

हा खेळ सर्वांत शोभतो तो बेस शिकणाऱ्याला. बेसवर बहुतेक वेळ एका वेळी एकच स्वर असतो, त्यामुळे यंत्राची ओळख भरवशाची ठरते आणि बेसवादकाचं मुख्य काम असलेली लय रोज तपासून मिळते. फक्त हाताची काळजी घ्यायला हवी. गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत असतं, नेहमीच्या लांबीच्या बेसवर ते तेरा भरतं. मनगट वाकलेलं आहे, अंगठा घट्ट आवळलेला आहे, शेजारच्या तारेचा आवाज नीट दाबलेला नाही, यातलं काहीही खेळ सांगत नाही. ते पाहायला शिक्षकच हवा.

'रॉकस्मिथ २०१४' आता डिजिटल दुकानांत नव्याने विकत मिळत नाही. तिच्या जागी २०२२ पासून वर्गणीवर चालणारं 'रॉकस्मिथ प्लस' आहे. यातलं काहीही वापरा, पण एक गाणं पडद्यावर पूर्ण जमलं की पडदा बंद करा, तेच गाणं मूळ मुद्रणासोबत वाजवून फोनवर टिपून घ्या आणि ते टिपण घेऊन महिन्यातून एकदा तरी गिटार शिकवणाऱ्याकडे जा.