दवाखान्याची तपासणी : कायदा आणि अंमल

आंबा घाटापर्यंत पसरलेल्या शाहूवाडी तालुक्यात खाटा असलेले खासगी रुग्णालय चालवायचे, तर मुंबई प्रांताच्या अमदानीत १९४९ साली संमत झालेल्या व आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमान्वये नोंदणी करणे व दर तीन वर्षांनी तिचे नूतनीकरण करणे क्रमप्राप्त असते. परंतु केवळ बाह्यरुग्ण तपासणाऱ्या दवाखान्यास तो अधिनियम लागू नाही, ही उणीव क्षुल्लक म्हणवत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र उभयतांस बंधनकारक आहेत. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रास राष्ट्रीय गुणवत्ता प्रमाणपत्रासाठी मूल्यमापनात किमान ७० टक्के गुण मिळवावे लागतात. रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक खासगी रुग्णालयात दर्शनी भागी लावणे २०२१ पासून सक्तीचे आहे. ते न दिसल्यास वाचकांनी निःसंकोच विचारावे.