दळण गिरणीत की घरी? : ब्राउझरमधल्या पायथॉनची गोष्ट

विद्यार्थिमित्रहो, दोरा, पितळी गोळा, मीटरपट्टी आणि स्टॉपवॉच एवढ्या सामग्रीवर पृथ्वीचे गुरुत्वत्वरण काढण्याचा लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी केला असेल, किंवा पुढे करावा लागेल. प्रयोग सुरू करताना शिक्षक बजावतात, “गोळा थोडासाच बाजूला न्या.” नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत एकदा एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, थोडासाच का? चांगला ६० अंशांपर्यंत नेला तर काय होईल?”

प्रश्न उत्तम होता. पाठ्यपुस्तकातले आवर्तकालाचे सूत्र फक्त लहान कोनांना लागू पडते. मोठ्या कोनाचे गणित कागदावर सोडवायला बसलो, तर बारावीचे गणितही अपुरे पडते. पण दुसरी एक वाट आहे. सेकंदाचे हजार तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात गोळ्याचा वेग किती बदलला आणि त्यामुळे कोन किती बदलला, एवढेच काढायचे. गुणाकार आणि बेरीज यांपलीकडे त्यात फारसे काही नाही, पण ते हजारो वेळा करायचे! माणूस कंटाळेल, संगणक कंटाळत नाही.

संगणकाला हे काम सांगायला पायथॉन ही भाषा फार सोयीची आहे. खिदो व्हान रोसुम या डच संगणकतज्ज्ञाने ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केली. पण अडचण वेगळीच होती. आमच्या प्रयोगशाळेतील संगणक जुने. त्यांवर नवे काही बसवायचे तर परवानगी हवी आणि पासवर्डही हवा. त्या मुलाच्या घरी संगणकच नव्हता, वडिलांचा मोबाइल तेवढा होता. तरीही त्याच दिवशी आम्हाला उत्तर मिळाले. त्याला कारणीभूत ठरला तो दोन्हींकडे असलेला ब्राउझर. कसा, ते आता पाहू.

ब्राउझरला पायथॉन समजते का?

नाही! महाजालावरची पाने दाखवणारा ब्राउझर मुळात जावास्क्रिप्ट ही भाषा जाणतो. ती १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी तयार केली. मग पायथॉनमधील आज्ञावली ब्राउझरमध्ये चालवायची कशी? याची दोन उत्तरे आहेत, आणि त्यांतला फरक समजायला आपल्या घरातल्या दळणाचे उदाहरण पुरेसे आहे.

पहिली पद्धत म्हणजे डबा डोक्यावर घेऊन गिरणीत जाणे. तुम्ही ब्राउझरमध्ये आज्ञावली लिहिता. ती दूरच्या मोठ्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जाते. तेथे आकडेमोड होते आणि पीठ तेवढे परत येते. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ हा प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा आणि पायथॉनचा प्रसार करतो. त्याने ‘सायलॅब ऑन क्लाउड’ ही सोय याच पद्धतीने उभी केली. विद्यार्थी कोठेही असो, सायलॅबची आकडेमोड सर्व्हरवर होते. पद्धत उपयोगी खरी, पण गिरणीचे नियम तिलाही लागू. गर्दी झाली की रांग. वीज किंवा नेट गेले की दळण अडले. आणि गिरणी चालवण्याचा खर्च कोणीतरी सोसायचा.

दुसरी पद्धत घरघंटीची. गिरणीच घरी आणायची! म्हणजे पायथॉन समजणारा दुभाष्याच ब्राउझरमध्ये आणून बसवायचा. मग तुमचा संगणक, किंवा अगदी मोबाइलही, स्वतःच आकडेमोड करतो.

घरघंटी बनली कशी?

आपण लिहिलेली पायथॉनची आज्ञा संगणकाच्या प्रोसेसरला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो. तो ओळीमागून ओळ समजून घेतो आणि त्याप्रमाणे काम करवून घेतो. सर्वांत प्रचलित दुभाष्याचे नाव सीपायथॉन. हा दुभाष्याही शेवटी एक आज्ञावलीच आहे आणि ती सी या भाषेत लिहिलेली आहे. येथेच सगळी किल्ली आहे. सी भाषेतली आज्ञावली ब्राउझरला समजेल अशा रूपात आणता आली, तर तिच्यासोबत पायथॉनही ब्राउझरमध्ये येणार!

हे रूप पुरवले वेबअसेंब्लीने. ही यंत्रभाषेच्या जवळ जाणारी, आटोपशीर आणि वेगवान अशी सांकेतिक भाषा आहे. तिची घोषणा २०१५ साली झाली आणि २०१७ अखेर चारही प्रमुख ब्राउझर ती समजू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये तिला महाजालाचे अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली.

मोझिला या संस्थेत काम करणाऱ्या मायकेल ड्रॉटबूम यांनी २०१८ साली सीपायथॉनचे वेबअसेंब्लीत रूपांतर केले. हाच ‘पायोडाइड’. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी, की आकड्यांच्या राशी हाताळणारे नमपाय आणि आलेख काढणारे मॅटप्लॉटलिब हे ग्रंथालय-संचही त्याच्यासोबत ब्राउझरमध्ये आले. २०२१ पासून हा प्रकल्प स्वतंत्र झाला असून स्वयंसेवकांचा समूह तो सांभाळतो. पुढे २०२२ साली अ‍ॅनाकोंडा या कंपनीने ‘पायस्क्रिप्ट’ ही चौकट जाहीर केली. पायोडाइड हे घरघंटीतले जाते मानले, तर पायस्क्रिप्ट हे तिचे सुबक खोके आणि बटणे. साध्या वेबपानात पायथॉनच्या ओळी लिहिल्या की पायस्क्रिप्ट त्या दुभाष्याकडे पोचवते आणि उत्तर पानावर दाखवते.

दोन्ही मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची आतली रचना कोणालाही पाहता येते, बदलता येते आणि विनामूल्य वापरता येते.

लंबकाचे दळण

आता आपल्या लंबकाकडे वळू. २००८ साली आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून राशींना देवनागरीत नावे देता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या आज्ञावलीचा गाभा या तीन ओळींचा होता :

त्वरण = -(गुरुत्व / लांबी) * साइन(कोन)
वेग = वेग + त्वरण * क्षण
कोन = कोन + वेग * क्षण

ही नुसती मराठी टिपणे नव्हेत. पायथॉनला या ओळी जशाच्या तशा समजतात. अर्थात ‘साइन’ म्हणजे काय आणि प्रत्येक राशीची सुरुवातीची किंमत किती, हे आधी सांगावे लागते. येथे कोन रेडियनमध्ये आहे, ‘वेग’ म्हणजे कोनीय वेग आणि ‘क्षण’ म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. भाषेचे जेमतेम ३५ राखीव शब्द इंग्रजीतच लिहावे लागतात, आणि आज्ञावलीतले आकडेही इंग्रजी अंकांतच. एवढे पथ्य पाळले की झाले.

पहिली ओळ नीट पाहा. लहान कोनासाठी साइनची किंमत कोनाइतकीच धरता येते आणि त्यातूनच पाठ्यपुस्तकातले सूत्र निघते. ६० अंशांचे तसे नाही. तो कोन १.०४७ रेडियन, पण त्याची साइन ०.८६६ च. म्हणजे गोळ्याला मागे खेचणारे त्वरण सूत्रात धरल्यापेक्षा कमी, म्हणून आंदोलन अधिक सावकाश!

लांबी १ मीटर आणि गुरुत्वत्वरण ९.७८ धरले. सूत्राप्रमाणे १० आंदोलनांना २०.०९ सेकंद लागायला हवेत. ६० अंशांपासून सुरुवात करून आम्ही या ओळी वीस हजारांहून अधिक वेळा चालवल्या. उत्तर आले २१.५६ सेकंद. सुमारे दीड सेकंदाचा फरक! तो साध्या स्टॉपवॉचनेही पकडता येतो. प्रश्न विचारणाऱ्या मुलाने लगेच गोळा ६० अंशांवर नेऊन सोडला. त्याचे उत्तर साडेएकवीस सेकंदांपेक्षा किंचित कमी आले. ते का, हेही त्यानेच सांगितले : हवेच्या विरोधामुळे आंदोलनाचा कोन हळूहळू लहान होत गेला होता. आज्ञावलीत आम्ही हवा धरलीच नव्हती.

मर्यादाही जाणा

घरघंटी गिरणीइतके दळत नाही. पायोडाइडमधले पायथॉन संगणकावर बसवलेल्या पायथॉनपेक्षा बहुधा काही पट हळू चालते. दुभाष्या प्रथम आणताना काही मेगाबाइट उतरवून घ्यावे लागतात, त्यामुळे पहिल्या वेळी थोडे थांबावे लागते. संपणारच नाही असा फेरा लिहिला, तर पान गोठते. ते बंद करावे, बाकी संगणकाला काही होत नाही. कारण ब्राउझर परक्या आज्ञावलीला कुंपणात ठेवतो. तुमच्या फायलींना ती परवानगीवाचून हात लावू शकत नाही. उलट, पान तसे लिहिले असेल तर तुमची निरीक्षणे कोठेही पाठवावी लागत नाहीत. घरचे धान्य घरातच राहते.

शिक्षकांना एक सूचना. पायोडाइडच्या फायली एकदा उतरवून शाळेतल्या एका संगणकावर ठेवता येतात. त्यावर छोटा सर्व्हर चालू केला, की शाळेतल्या जोडणीवर असलेल्या बाकीच्या संगणकांना तो दुभाष्या इंटरनेटशिवाय मिळतो. पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात, जेथे मोबाइलची रेघ येते नि जाते, तेथे ही सोय लाखमोलाची आहे. जुना संगणक, कमकुवत नेट ही कारणे मग मुलांच्या प्रश्नांच्या आड येणार नाहीत.

करून पाहा

विद्यार्थिमित्रहो, वरच्या तीन ओळींत हवेचा विरोध कसा घालाल? सूचना : विरोध वेगाच्या उलट दिशेने असतो, म्हणून पहिल्या ओळीतच एक पद वाढवावे लागेल. त्या पदाचा गुणक किती घ्यायचा, हे मात्र संगणक सांगणार नाही. ते तुमचा दोरा, तुमचा गोळा आणि तुमचे स्टॉपवॉचच सांगतील. दळण कोठेही दळा. धान्य प्रयोगातूनच यायला हवे.