वकिलाची पाटी, पक्षकाराचा हिशेब

नाशकात अशोक स्तंभाकडून गंगापूर रोडला लागलं की मराठा विद्या प्रसारक समाजाच्या शिक्षणसंस्था भेटू लागतात. उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला कर्मवीर ॲड. बाबुराव गणपतराव ठाकरे यांचं नाव आहे. वकिलांनी अशिलांपलीकडे जाऊन शाळा-कॉलेजांसाठी खपावं, ही रीत महाराष्ट्रात जुनी. उदोजी वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी राजर्षी शाहू महाराज एप्रिल १९२० मध्ये नाशकात आले होते. त्याच सुमारास कोल्हापूर संस्थानात त्यांनी अस्पृश्य समाजातल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. वसतिगृह बांधणं आणि कोर्टाचं दार उघडणं, महाराजांच्या लेखी हे एकच काम होतं.

वकिलांच्या या रीतीचा मोठा पूर्वज म्हणजे गणेश वासुदेव जोशी. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा उभी राहिली ती त्यांच्या धडपडीतून, आणि लोकांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ करून टाकलं. कोर्टकचेरीत रयत नागवली जाते हे रोज बघणाऱ्या या वकिलानं तंटे आपसात मिटावेत म्हणून लवाद कोर्टांचा पुरस्कार केला. स्वतःच्या धंद्याचं गिऱ्हाईक कमी करणारं हे काम! १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकारची खप्पा मर्जी ओढवून घ्यायला कोण धजावणार? काका आरोपीचे वकील म्हणून उभे राहिले. मला हे वकीलपत्र फार मोठं वाटतं.

आज एखादी वकिली फर्म रक्तदान शिबिर भरवते, वह्या वाटते. चांगलंच आहे. पण वकिलाची समाजसेवा सुरू होते ती टेबलासमोरच्या खुर्चीपासून. पेठ-सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीनं आलेला माणूस त्या खुर्चीत बसतो. पिशवीत सात-बारा, फेरफार, वनहक्काच्या दाव्याची पोच. आजची मजुरी बुडालेली. कोर्टात पुकारा होतो, दोन मिनिटांत पुढची तारीख पडते आणि आत काय झालं हे त्याला कुणी सांगत नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी करण्याचा निर्णय १९९८ चा. तरीही दाव्यात काय लिहिलंय हे पक्षकाराला वाचून दाखवणारा वकील मला फार मोलाचा वाटतो.

वकिलानं कसं वागावं याबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट आहेत, फक्त ते पक्षकारांना ठाऊक नसतात. वकिलाला जाहिरात करता येत नाही. पाटीसुद्धा वाजवी आकाराची हवी, आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो असं तिच्यावर मिरवता येत नाही. निकालात मिळणाऱ्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवता येत नाही. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवावा लागतो आणि त्यानं मागितला तर त्याची प्रत द्यावी लागते. फी परवडत नाही अशा गरजूलाही कायद्याची मदत मिळायला हवी, हे वकिलाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. गंगापूर रोडवरच्या प्रत्येक वकिली कचेरीत यातल्या चार ओळी मराठीत लावल्या, तर पक्षकाराला न विचारताच बरंच कळेल.

गरजूंच्या मदतीचा उरलेला भार राज्यानं उचलायचा आहे. मोफत कायदेसाहाय्याचं कलम ३९-अ राज्यघटनेत आलं १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, पण तो प्रत्यक्ष लागू व्हायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. त्यानुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. म्हणजे सुरगाण्याचा कोकणा आदिवासी शेतकरी आणि गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधली नवऱ्यानं टाकलेली बाई, दोघंही या मदतीला पात्र आहेत. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते, मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तडजोडीची प्रत्येक अट समजावून घ्यावी. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. असा नेमलेला वकील पक्षकाराकडून एक रुपयाही घेऊ शकत नाही. मागितलाच, तर तक्रारही त्याच प्राधिकरणाकडे करायची.