जिप्समच्या भिंतीवर जड फळी लावताय? आधी भिंतीच्या आत काय आहे ते बघा!



दुकानाच्या फर्निचरवरच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत राहून गेला. गाळ्यात जिप्सम बोर्डचं पार्टिशन असेल तर त्यावर जड माल कसा लावायचा? आज तेच सविस्तर सांगते. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

चिंचवडला भांड्यांचं दुकान सुरू केलं तेव्हा गाळा भाड्याचा होता. आधीच्या भाडेकरूने मागे गोडाऊनसाठी जिप्समचं पार्टिशन केलेलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, अगदी पक्क्या भिंतीसारखं. त्यावर मला कुकरची फळी हवी होती. सुतारकाका म्हणाले, "मॅडम, भिंत पोकळ आहे. आतला पत्रा शोधून मारावं लागेल, दोन तास जास्त जातील." दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. मी म्हटलं, "काका, गिट्टी मारा आणि उरका."

फळी तीन आठवडे टिकली. मदतीला असलेली मुलगी मध्येच एकदा म्हणाली, "ताई, फळी भिंतीपासून सुटल्यासारखी वाटतेय." मी हाताने दाबून बघितलं आणि "काही होत नाही गं" म्हणून विषय संपवला. त्यानंतर आठवड्याने सकाळी शटर उघडलं, तर फळी, १४ कुकर आणि बोर्डचा ताटाएवढा तुकडा जमिनीवर. खाली तिचं रोज बसायचं स्टूल आडवं पडलेलं. रात्री पडली म्हणून निभावलं. मालाचं नुकसान महिन्याभरात भरून निघालं. ते स्टूल मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

गिट्टी का सुटली?

आपण ज्याला सरसकट "फिशर" म्हणतो, तो नायलॉनचा प्लग जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी १९५८ मध्ये शोधला. स्क्रू आत गेला की तो फुगतो आणि भोवतालच्या विटेला किंवा काँक्रीटला घट्ट धरतो. जिप्सम बोर्ड साधारण १२.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच. दोन्ही बाजूंना कागद, मध्ये जिप्सम आणि मागे पोकळी. तिथे प्लग फुगून धरणार कशाला? शिवाय रोज माल काढणं-ठेवणं, शटरचे हादरे, यांनी भोक हळूहळू मोठं होत जातं. म्हणून पहिल्या दिवशी टिकलं म्हणजे कायम टिकेल, असं समजू नका.

वजनाचा हिशोब, पण पूर्ण

एक कुकर अंदाजे अडीच किलो. १४ कुकरचे ३५ आणि फळीचे ५, झाले ४० किलो. पण गोष्ट इथे संपत नाही. फळी १२ इंच खोल, म्हणजे भार भिंतीपासून सरासरी ६ इंचांवर. ब्रॅकेटची उभी बाजू ४ इंचांची असेल, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर ४० × ६ ÷ ४ = ६० किलो! तीच उभी बाजू १२ इंचांची घेतली तर २० किलो. माल तोच, फळी तीच, फक्त ब्रॅकेट बदलला. हिशोब ढोबळ आहे, पण निर्णय घ्यायला पुरेसा आहे. टीव्हीचा पुढे ओढता येणारा स्टँड याच कारणाने जास्त धोक्याचा.

आधी भिंत ओळखा

टकटक करा. पोकळ आवाज आला तर बोर्ड. छोटं भोक पाडून बघा. पांढरी भुकटी येऊन ड्रिल अर्ध्या इंचावर एकदम आत गेलं, तर बोर्डच. पांढऱ्यानंतर लाल भुकटी आली तर मागे वीट आहे, वर फक्त जिप्समचं प्लास्टर. आणि हो, पार्टिशनमधून वायरी गेलेल्या असतात. आधी मेन स्विच बंद.

मग काय वापरायचं?

१. हलकी वस्तू (फोटो, घड्याळ, रेट बोर्ड): बोर्डसाठीचा, आट्यांचा अँकर चालतो.

२. मध्यम वजन: टॉगल बोल्ट, म्हणजे कारागिरांचा "बटरफ्लाय". त्याचे पंख बोर्डच्या मागे उघडतात आणि भार मोठ्या भागावर पसरतो. पाकिटावरचा आकडा चांगल्या, कोरड्या बोर्डचा असतो. मी त्याचा चौथा हिस्साच धरते.

३. जड फळी: बोर्डच्या आत पत्र्याचे उभे चॅनेल असतात, सहसा १६ किंवा २४ इंचांच्या अंतराने. भिंतीवर लोहचुंबक फिरवा. स्क्रूच्या डोक्यांवर तो चिकटतो, ती रांग म्हणजे चॅनेल. दोन-तीन चॅनेलना धरून १८ मिलिमीटर प्लायची आडवी पट्टी पत्र्याच्या स्क्रूंनी बसवा आणि ब्रॅकेट त्या पट्टीवर लावा. बोर्ड लावायचे काळे स्क्रू इथे नकोत, ते ठिसूळ असतात, ताणाखाली तुटतात.

४. खूप जड माल: भिंतीवर टांगूच नका. जमिनीवर उभा राहणारा रॅक घ्या. भार जमिनीला द्या आणि भिंतीला फक्त वरून बांधा, रॅक पुढे कलू नये म्हणून. आज माझे कुकर असेच आहेत.

बोर्डला ओल लागली असेल, फुगला असेल, तर कुठलाच अँकर धरणार नाही. पावसाळ्यानंतर एकदा तपासा. आणि जुन्या सैल भोकात नवा अँकर कधीच नको.

नवीन पार्टिशन करताय? मग ही संधी सोडू नका

बोर्ड बंद होण्याआधी, जिथे फळ्या येणार तिथे चॅनेलच्या मध्ये प्लाय टाकून घ्या. मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी प्लाय कुठे आहे हे कुणालाच आठवत नाही! गाळा भाड्याचा असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

मी त्या सकाळी सुतारकाकांना फोन करून बरंच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, मी सांगितलं होतं." खरंच सांगितलं होतं. त्या मुलीनेही सांगितलं होतं. बीबीएला कॉस्टिंग शिकले, पण दोन तासांची मजुरी वाचवण्याची किंमत मला त्या स्टुलाने शिकवली.

तेव्हापासून आमच्या दुकानात एक नियम आहे. फळीखाली जो उभा राहतो, त्याने "सुटल्यासारखी वाटतेय" म्हटलं की आधी माल उतरवायचा, मग तपासायचं.

आजचं काम: दुकानातल्या प्रत्येक फळीखाली कोण बसतं, कोण उभं राहतं, ते बघा. मग भिंतीवर टकटक करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!