कुत्रा पाळताय? मग हेही पाळा!

यवतमाळला निळोणा आहे, बेंबळा आहे, पण बीच नाही. तरी सुट्टी लागली की मागच्या सीटवर लॅब्राडोर बसवून कोकण-गोव्याकडे सुटणारी मंडळी आपल्याकडेही आहेतच. हा डोस त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या मोत्याची धाव दत्त चौकापर्यंतच आहे त्यांच्यासाठीही. घाबरू नका, सुई नाही!

सुरुवात घरच्या मैदानावरून. माहीत आहे का, आपल्या जंगलात इटालियन पाहुणे येऊन गेलेत? २०१८ मध्ये राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१, म्हणजे अवनी वाघिणीचा शोध सुरू होता. हत्ती आणून झाले, ड्रोन उडवून झाले, वाघिणीला भुलवायला कॅल्विन क्लाइनचा ‘ऑब्सेशन’ परफ्यूमसुद्धा वापरून झाला. मग एन्ट्री झाली दोन केन कोर्सो कुत्र्यांची! मालक कोण? गोल्फपटू ज्योती रंधावा. वाघीण, परफ्यूम आणि गोल्फपटूचे कुत्रे एकाच गोष्टीत. कुणी सिनेमात दाखवलं असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीही फेकून राहिले! गोष्टीचा शेवट मात्र गमतीचा नव्हता. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात अवनीला गोळी लागली आणि देशभर वाद पेटला.

ट्विस्ट पुढेच आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र धाडलं: पिटबुल, रॉटवायलर वगैरे २३ ‘खतरनाक’ जातींना परवाने देऊ नका. यादीत कोण सापडावं? आपला जुना पाहुणा, केन कोर्सो! पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. यादी गेली, कलम राहिलं. कारण भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ जात विचारत नाही. तुमच्या जनावराकडून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉमेरेनियनवाल्यांनीही फार हसू नये.

आणि कुत्र्याला फिरवायला नेणं हीसुद्धा कायद्यातली गोष्ट आहे, हे माहीत आहे का? कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं म्हणजे क्रूरता, असं १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा म्हणतो. ऐकून दचकलात? आता दंड ऐका: पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये! तर्री-पोहे आणि वर एक चहा, संपलं बजेट. इटलीतल्या तुरिन शहराने २००५ मध्ये दिवसातून तीनदा कुत्रा फिरवला नाही तर ५०० युरोंपर्यंत दंड लावला होता. एकदम फिट राहत असतील तिकडचे मालक!

फिरवा, पण मे महिन्यात दुपारी दोनला नको हो भाऊ. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गादीला. बाकी सगळा कूलर जिभेवर. डांबरी रस्त्यावर तुमच्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंदांत ‘आई गं’ निघालं तर त्याचेही पाय भाजणारच.

‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण कुत्र्यांनी वाचलेली नाही. चावला तर जखमेत तिखट, चुना, हळद काहीही भरायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं घड्याळ लावून, आणि थेट दवाखाना. पोटातल्या त्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे ना? ती लस भारतात २००४-०५ च्या सुमारासच बंद झाली. आता दंडावर मोजक्याच सुया. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे ‘उद्या पाहू’ चालत नाही.

आता पाळीव सोडून भटक्यांकडे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं, नसबंदी आणि लसीकरण करून भटके कुत्रे त्याच भागात परत सोडा. पिसाळलेले आणि आक्रमक मात्र नकोत. नोव्हेंबरमध्ये भर पडली: शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशनच्या आवारातून पकडलेले पुन्हा तिथे नाहीत. मग नसबंदी झालेला ओळखायचा कसा? कान बघा. टोकाला छोटा काप दिसला की समजा, साहेबांचं ऑपरेशन झालेलं आहे.

बरं, या विषयावर आपण आज भांडतोय असं वाटत असेल तर थांबा. ६ जून १८३२ ला मुंबईत चक्क दंगल झाली, तीही कुत्र्यांपायी! भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुप नव्हते म्हणून बरं.

आता कोकणवाले, पट्टा घट्ट धरा. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास माहीत आहे का? हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर येतात, एकेक मादी वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि ती उकरायला कोल्हे नि कुत्रे टपलेले असतात. म्हणून अंडी उचलून कुंपणाच्या आत नेऊन पुरावी लागतात. तेव्हा तुमचा ब्रूनो वाळू उकरताना कितीही क्यूट दिसला तरी रील बनवण्याआधी त्याला आवरा!

रेल्वेने जाणार? थ्री एसीत ब्रूनोला बर्थ नाही. एसी फर्स्टचं अख्खं कूपे किंवा केबिन घ्या, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत आणि तुम्ही रात्रभर जागे.

राहता राहिला तो नाजूक मुद्दा. “काऊन हो भाऊ, तुमचा टायगर रोज आमच्याच फाटकापुढं काऊन बसते?” हा संवाद ऐकला नाही अशी गल्ली यवतमाळात नसेल. माद्रिदजवळच्या ब्रुनेते गावाने २०१३ मध्ये यावर जालीम औषध काढलं. घाण तशीच सोडून निघालेल्या मालकाला स्वयंसेवकांनी गोड बोलून कुत्र्याचं नाव विचारायचं, नोंदणीतून पत्ता काढायचा आणि तो ‘ऐवज’ डब्यात पॅक करून घरपोच! वर लेबल: हरवलेली वस्तू. आपल्याकडे करायचं म्हटलं तर पंचाईत अशी की, प्रत्येक गल्लीत तीन टायगर, दोन मोती, आणि नोंदणी एकाचीही नाही. पार्सल पाठवायचं कुणाच्या घरी?